आजपासून

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, जन्म हाँगकाँगचा, शाळा हाँगकाँगची, सगळं आयुष्य इथलंच. खाली नवीन व्हिएतनामी हॉटेल उघडलं तेव्हा आम्ही दोघी फो खायला गेलो आणि मी सहज विचारलं की तुम्हाला व्हिएतनामी येतं का हो थोडंफार, तर त्या पटकन म्हणाल्या, "बात लाउ तुंग लाय". म्हटलं म्हणजे काय? तर म्हणे अर्थ नाही माहीत, पण आमच्या वयाच्या कुणालाही विचार, हे चार शब्द सगळ्यांना पाठ आहेत. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली करत म्हणाल्या, इथे नको परत म्हणायला, त्या लोकांना चिडवायला वापरायचे हे.

१९८८ साली त्या सतरा वर्षांच्या होत्या. रेडिओवर गाणी चालू असायची, बातम्या असायच्या आणि मध्येच एक आवाज यायचा, सरळसोट, कुठल्यातरी अनोळखी भाषेत काहीतरी वाचून दाखवायचा आणि पुन्हा गाणी सुरू. रोज. पुढे कित्येक महिने, वर्षं. अर्थ कुणालाच कळत नव्हता पण पहिले चार शब्द ऐकून ऐकून तोंडात बसले, जसं आपल्याकडे आकाशवाणीच्या बातम्यांचं पहिलं वाक्य अजून झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, तसं.

रात्री घरी येऊन शोधलं. मूळ शब्द "बात दाउ तू नाय" असे आहेत, कॅन्टोनीज कानांनी त्याचं बात लाउ तुंग लाय केलं. अर्थ अगदी साधा. आजपासून. आजपासून व्हिएतनामी बोटवाल्यांबद्दल (म्हणजे देश सोडून बोटीने पळून येणाऱ्या लोकांबद्दल) हाँगकाँगमध्ये नवीन धोरण लागू झालं आहे, इथून पुढे जे लोक पोटापाण्यासाठी देश सोडून येतील त्यांना बेकायदा घुसखोर समजलं जाईल, तिसऱ्या देशात जाऊन राहायची त्यांना काहीही आशा नाही, आणि व्हिएतनामला परत पाठवण्याच्या दिवसापर्यंत त्यांना डांबून ठेवलं जाईल. एवढंच. हा निरोप होता समुद्रातल्या लोकांसाठी, कुठल्यातरी लाकडी बोटीत ट्रान्झिस्टर चालू असेल या हिशोबाने सोडलेला. आणि तो ऐकला कुणी तर हाँगकाँगमधल्या शाळकरी पोरांनी, अभ्यास करताना.

मला त्या रात्री झोप आली नाही. त्याचं कारण माझे बाबा आहेत, आणि ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्याकडे "ते बोटीवर असतात" म्हटलं की पुढे काही विचारायची गरज नसते. बोटीवर म्हणजे मर्चंट नेव्ही, म्हणजे नऊ-नऊ महिने घरात बाप नाही, पण मनिऑर्डर आहे, सिंगापूरहून आणलेला टेपरेकॉर्डर आहे, गणपतीला येतील की नाही याची चर्चा आहे. बाबा डेकवर क्रूमध्ये होते. रंगकाम, दोरखंड, वॉच, बंदरात शिरताना नांगर, असली सगळी कामं. मला नोकरी लागून हाँगकाँगला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी कपाटातून त्यांची जुनी सीडीसी काढली (सीडीसी म्हणजे खलाशाचं पासबुकच म्हणा, कुठल्या बोटीवर कधी चढला कधी उतरला त्याचे शिक्के असतात) आणि मला दाखवत बसले, हे बघ, हाँगकाँगला मी इतक्यांदा आलोय. आणि मग एका शिक्क्यावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले. साइन ऑन मार्च १९८८. साइन ऑफ डिसेंबर १९८८.

त्या खेपेत, सिंगापूर सोडून वर येताना, साउथ चायना सीमध्ये त्यांना एक बोट दिसली होती. सकाळची वेळ. लाकडी, नदीत चालवायची असावी अशी, आपल्या हर्णैच्या मच्छीमार बोटीपेक्षाही लहान, आणि त्यात माणसं अशी खच्चून भरलेली की बोटीच्या कडा दिसत नव्हत्या. इंजिन बंद पडलेलं. कॅप्टनने जहाज हळू केलं, एक फेरी मारली. मग वरून दोऱ्या सोडून पाण्याचे कॅन दिले, तांदूळ दिला, बिस्किटं, डिझेल, आणि नकाशाचा एक कागद, त्यावर पेनाने दिशा काढून दिलेली. शिडी नाही सोडली. खाली ती माणसं हात जोडत होती, आपल्यासारखेच हात जोडत होती असं बाबा म्हणाले. आणि मग जहाजाने वेग घेतला.

"कॅप्टन वाईट नव्हता," हे त्यांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं. "कंपनीचा टेलेक्स होता. बोट दिसली तर मदत करा, वर घेऊ नका."

तेव्हा मला हे फक्त बाबांचं दुःख वाटलं होतं. पंचवीस-तीस वर्षं पोटात ठेवलेलं काहीतरी मुलगी दूर चालली म्हणून बाहेर आलं, एवढंच. टेलेक्स का आला असेल हा प्रश्न मी विचारलाच नाही, आणि तोच खरा विचारायचा होता.

समुद्राचा नियम जुना आहे आणि एकदम स्पष्ट आहे. बुडणारा दिसला की थांबायचं, वर घ्यायचं, तो कोण कुठला हे विचारायचं नाही. हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही आणि आंतरराष्ट्रीय करारातही तसंच लिहिलेलं आहे. पण वर घेतल्यावर उतरवायचं कुठे, हे कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. वर घेतलेली शंभर माणसं घेऊन जहाज बंदराशी आलं आणि बंदरवाले म्हणाले की ह्यांना उतरवायचं नाही, तर जहाज उभं राहणार, उभ्या जहाजाचा रोजचा खर्च चढत जाणार, माल लेट होणार. म्हणजे किनाऱ्यावरचं सरकार जेव्हा "उतरू देणार नाही" म्हणतं तेव्हा ते जमिनीवरच्या माणसांना वाटतं की आपण आपली सीमा सांभाळतोय, पण तो शब्द हजार मैलांवर समुद्रात कुठल्यातरी कॅप्टनच्या ब्रिजवर पोचतो आणि तिथे शिडी सोडायची की नाही हे ठरतं.

आणि किनाऱ्यावरच्या सरकारांनी हे केलं होतं. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची राजधानी उत्तरेकडच्या कम्युनिस्टांच्या हाती गेली, त्यानंतर चारच दिवसांनी ४ मे ला एक डॅनिश जहाज ३,७४३ माणसं घेऊन हाँगकाँगला आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं असेल की झालं, एवढेच. पण खरी लाट १९७८ नंतरची. दक्षिणेतला खाजगी व्यापार सरकारने ताब्यात घेतला, त्यात सायगावच्या चोलॉन भागातले चिनी वंशाचे व्यापारी रस्त्यावर आले, जुन्या राजवटीशी संबंध असलेले लाखो लोक "पुनर्शिक्षण" छावण्यांत, घरच्यांना रानात नव्या वसाहतींवर पाठवायचं, मग कंबोडियाशी युद्ध, मग चीनशी युद्ध. लोक सोनं देऊन निघत होते, आणि ते सोनं घेऊन सोडणारे तिकडचेच अधिकारी होते. मोठी गंजकी मालवाहू जहाजं भरून माणसं यायला लागली. हाय हाँग नावाच्या जहाजावर २,५०० च्या आसपास माणसं, नोव्हेंबर १९७८ मध्ये मलेशियाने त्यांना उतरूच दिलं नाही. ह्युई फाँगवर ३,३०० च्या वर, ते ऐन नाताळात हाँगकाँगच्या हद्दीबाहेर येऊन उभं राहिलं आणि जानेवारीत आत घेतलं. स्कायलक तर फेब्रुवारी १९७९ ला आलं, २,६०० च्या वर माणसं, त्यांना लामा बेटाजवळ साडेचार महिने जहाजावरच ठेवलं, शेवटी २९ जूनला त्या लोकांनी स्वतःच नांगराची साखळी तोडली आणि जहाज वाहत जाऊन बेटाच्या खडकावर आदळलं, तेव्हा कुठे पाय जमिनीला लागले. लामावर मी कितीदा गेलेय. मासे खायला जातात लोक तिकडे, मीही गेलेय, बाबांना फोटो पण पाठवलेत.

जून १९७९ मध्ये थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स या पाच देशांनी मिळून सांगून टाकलं की आमची सहनशक्ती संपली, आता नवीन कुणाला घेणार नाही. मलेशियाचं नौदल बोटी ओढून परत खोल समुद्रात नेऊन सोडत होतं. त्यांच्या पुलाउ बिडाँग बेटावर, जेमतेम एक चौरस किलोमीटर, तिथे चाळीस हजार माणसं राहत होती. सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी तर म्हटलं होतं की काळजाला घट्टे पडू द्यावे लागतात, नाहीतर रक्त वाहून वाहून मराल. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चीड आली. नंतर विचार करताना वाटलं की घट्टे पाडायला लागतात हे कळायला आधी काळीज लागतं, पण त्याने बोटीतल्या माणसाला काय फरक पडणार होता.

मग जुलै १९७९ मध्ये जिनिव्हाला ६५ देश जमले आणि तिथे एक गोष्ट झाली जी मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. श्रीमंत देशांनी एकूण १,२५,००० लोकांना घ्यायचं कबूल केलं होतं ते एकदम २,६०,००० वर गेलं. कॅनडात तर गावागावातल्या चर्चनी, शेजाऱ्यांच्या गटांनी एकेक कुटुंब वाटून घेतलं, तिकडच्या सरकारने सांगितलं की तुम्ही एक घ्या आम्ही एक घेतो, आणि दोन वर्षांत ६०,००० माणसं गेली. पण मी म्हणतेय ती शहाणी गोष्ट याहून साधी. काही देशांनी लिहून दिलं की कुठल्याही मालवाहू जहाजाने समुद्रातून माणसं उचलली आणि त्या जहाजाचा स्वतःचा देश त्यांना घेऊ शकत नसला तर आम्ही घेऊ, तुम्ही फक्त त्यांना बंदरात उतरू द्या. बस. एक कागद. त्या कागदाने कॅप्टनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि शिड्या खाली सोडल्या जाऊ लागल्या. १९७५ ते १९९० पर्यंत भर समुद्रातून जहाजांनी उचललेली माणसं सदुसष्ट हजार भरतात.

पण कागदाची शाई फिकी पडते. ऐंशीच्या मध्यापर्यंत जग कंटाळलं. थायलंडच्या आखातात चाच्यांचा कहर होता, १९८१ या एकाच वर्षी थायलंडला पोचलेल्या ४५२ बोटींपैकी ३४९ वर हल्ले झाले होते, आणि एकदा नाही, सरासरी तीन-तीन वेळा, ५७८ बायकांवर बलात्कार, २२८ बायका पळवून नेल्या. हे आकडे मी लिहितेय पण लिहिताना हात थांबतो. एवढं होऊनही लोक येतच होते, आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून ते केव्हाच आतल्या पानात गेले होते. हाँगकाँगला आता उत्तर व्हिएतनाममधले लोक येत होते, हायफाँगकडचे, कोळी, शेतकरी, चीनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने येणारे. ह्यांनी अमेरिकनांबरोबर काम केलेलं नाही, ह्यांचा कुठे नातेवाईक नाही, इंग्रजी नाही. परदेशी अधिकारी येऊन मुलाखती घेऊन आपापल्या देशासाठी माणसं निवडायचे त्यात शिकलेले, धडधाकट, भाषा येणारे आधी उचलले जायचे, आणि उरलेले वर्षानुवर्षं उरलेलेच राहायचे.

हाँगकाँगची बाजू पण सांगितलीच पाहिजे, कारण मी इथे राहते आणि ह्या शहराने मला चांगलं वागवलं आहे. ह्या शहराने बोट कधी परत समुद्रात ढकलली नाही. एवढीशी जागा, १९७९ च्या एका वर्षात ६८,००० च्या वर माणसं आली तरी उतरवून घेतली. आणि हे शहरच मुळात पळून आलेल्यांचं आहे. माझ्या शेजारच्या बाईंचे वडील पन्नासच्या दशकात ग्वांगडाँगहून चालत आले होते. ऑक्टोबर १९८० पर्यंत असा नियम होता की चीनमधून पळून आलेला माणूस सीमेवर न सापडता शहरात पोचला तर त्याला राहता येईल, पकडापकडीच्या खेळासारखं, शिवला की सुटला. तो नियमही एका तारखेला बंद झाला. त्यानंतर बाईंचे मामा आले, पकडले गेले, त्याच आठवड्यात परत. आणि त्याच शहरात व्हिएतनामहून आलेल्यांना मात्र ठेवून घेतात, जेवायला घालतात, अमेरिकेला पाठवतात. "आमच्या आईला हे कधीच पटलं नाही," बाई म्हणाल्या, "ती म्हणायची, माझा भाऊ माणूस नव्हता का?" ह्याला उत्तर काय देणार. मी काहीच बोलले नाही.

तर १६ जून १९८८. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला आधी कोंडायचं आणि मग तपासायचं, छळ होत होता म्हणून पळाला की गरिबीमुळे. पहिला निर्वासित, दुसरा घुसखोर. १५ जूनला बंदरात शिरलेल्या बोटीतला माणूस न विचारता निर्वासित धरला गेला. त्याच्याच गावातून त्याच दिवशी निघालेली, वाटेत इंजिन बिघडलं म्हणून एक दिवस उशिरा आलेली बोट, त्यातल्या माणसाला आता सिद्ध करायचं की मला घरी परत जायची भीती का वाटते. कागद नाहीत, साक्षीदार नाही, समोर इमिग्रेशनचा ऑफिसर, मध्ये दुभाषा. आणि भीती आणि भूक अशी वेगळी करता येते का हो? ज्याच्या बापाला छावणीत नेलं म्हणून ज्याला शाळेत घेतलं नाही म्हणून ज्याला नोकरी नाही म्हणून जो उपाशी आहे, तो कशामुळे पळाला? हाँगकाँगमध्ये तपासलेल्यांपैकी पाचात एकालाही धड निर्वासित मानलं गेलं नाही.

पुढच्या वर्षी, जून १९८९ मध्ये, पुन्हा जिनिव्हाला परिषद झाली आणि बाकीच्या आग्नेय आशियातही हेच लागू झालं, तिथे बहुतेक ठिकाणी तारीख १४ मार्च १९८९. प्रत्येक देशाची आपली तारीख.

मला तारखांचं महत्त्व कळत नाही असं नाही. मी पण इथे व्हिसावर आले, दर वेळी मुदत संपायच्या आधी रांगेत उभी राहिले, कायम राहायचा हक्क मिळावा म्हणून सात वर्षं पूर्ण व्हायची वाट बघितली. सरकार चालवायचं तर कुठेतरी रेघ मारावीच लागते हे मान्य आहे. पण माझी तारीख मला माहीत होती. माझ्याकडे कॅलेंडर होतं, विमानाचं तिकीट होतं, परतीचं घर होतं. भर समुद्रातल्या माणसासाठी रेघ मारायची आणि त्याला ती ऐकू जाईल म्हणून रेडिओवर वाचायची, आणि न ऐकल्याची शिक्षा पण त्यालाच, हे मला काही केल्या पटत नाही.

शिक्षा साधी नव्हती. व्हाइटहेड नावाचा सगळ्यात मोठा कॅम्प, काटेरी तारेच्या भिंती, आत पत्र्याच्या लांबच लांब खोल्या, त्यात तीन मजली बाकडी, एका फळीवर एक कुटुंब, पडदा लावला की घर. पोरं तिथेच जन्मली, तिथेच चालायला शिकली. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे, अंधारात, लांताउ बेटावरच्या एका कॅम्पमधून ५१ जणांना दंगलविरोधी पोलिसांच्या पहाऱ्यात काढून विमानात बसवून हनोईला परत पाठवलं. त्यातली निम्म्याहून जास्त लहान मुलं होती. १९९२ ला फेब्रुवारीत, व्हिएतनामी नववर्षाच्या आदल्या रात्री, शेक काँगच्या कॅम्पमध्ये उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे यांच्यात भांडण पेटलं, एका झोपडीला आग लावली, २४ माणसं मेली. सणाच्या रात्री. तारेच्या आत वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं एकमेकांवर उठतात, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

एक गोष्ट मात्र वाचताना मी उठून बसले. काही लोक असे अडकले होते की व्हिएतनाम त्यांना परत घ्यायलाच तयार नव्हतं, हे आमचे नागरिकच नाहीत म्हणून, आणि हाँगकाँग सोडायला तयार नव्हतं, परत पाठवेपर्यंत डांबायचं असा नियम आहे म्हणून. म्हणजे जन्मभर. त्यांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला (हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे होतं, शेवटचं अपील तिथे) आणि १९९६ मध्ये निकाल लागला की परत पाठवायची शक्यताच नसेल तर डांबून ठेवता येणार नाही. आणि हा निकाल ज्या जुन्या निकालावर उभा होता तो होता हरदियाल सिंग नावाच्या एका भारतीय माणसाचा, जो १९८३ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम तुरुंगात भारतात परत पाठवायची वाट बघत नुसता पडून होता. त्याच्यासाठी न्यायाधीशाने म्हटलं होतं की डांबायचा अधिकार आहे पण तो वाजवी काळापुरताच. कुठला कोण एक माणूस, आणि त्याच्या नावाच्या तत्त्वाने बारा वर्षांनी दुसऱ्या टोकाला व्हिएतनामहून आलेल्यांची कुलपं उघडली. आपल्या देशाने निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर आजवर सही केलेली नाही, आणि ब्रिटनने सही केली तरी तो करार हाँगकाँगला लावला नव्हता. तरी कुठूनतरी एक फट सापडते.

आता परत बाबांकडे.

हे सगळं वाचत असताना मला जून १९८८ मधलीच आणखी एक गोष्ट सापडली. ९ जूनला, म्हणजे हाँगकाँगच्या तारखेच्या बरोबर आठवडाभर आधी, अमेरिकन नौदलाच्या ड्युब्यूक नावाच्या युद्धनौकेला साउथ चायना सीमध्ये एक बोट दिसली. निघाली तेव्हा ११० माणसं होती, इंजिन बंद, दिवसच्या दिवस वाहत चाललेली. ड्युब्यूकने पाणी दिलं, खाणं दिलं, नकाशा दिला, आणि निघून गेली. त्यानंतर ती बोट आणखी अडीच-तीन आठवडे वाहत राहिली. शेवटी फिलिपिन्सच्या बोलिनाओ गावच्या मच्छीमारांना सापडली तेव्हा ५२ जण जिवंत होते, आणि ते जिवंत राहायला त्यांना मेलेल्यांचं मांस खावं लागलं होतं. त्या कॅप्टनवर कोर्ट मार्शल झालं, कर्तव्यात कसूर केल्याचा दोष लागला, ताशेरा मारलेलं पत्र मिळालं.

पाणी, खाणं, नकाशा. मी स्क्रीन बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमचं घर तुंग चुंगला आहे, समोर विमानतळ आणि त्याच्या पलीकडे पाणी, रात्री जहाजांचे दिवे दिसतात.

हे बाबांना सांगायचं का? बरेच महिने नाही सांगितलं. ते गेल्या हिवाळ्यात इकडे आले, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. वय शहात्तर, गुडघे दुखतात, पण समुद्र दिसला की चाल बदलते. एका संध्याकाळी खाली पाण्याच्या कडेला बाकावर बसलो होतो, आणि मी मोबाइलवर ती जुनी घोषणा लावून त्यांना ऐकवली. का लावली मला अजून कळत नाही. त्यांनी कान जवळ आणून शेवटपर्यंत ऐकली, विचारलं काय म्हणतो हा? मी सांगितलं. आजपासून असं असं. १६ जून १९८८. ड्युब्यूकचं नाही सांगितलं.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी... नाही, थांब. तुझं पहिलीत नाव घातलं त्याचं पत्र मला आलं होतं. आईने लिहिलं होतं पोरगी पहिल्या दिवशी रडली नाही म्हणून. ते पत्र खिशात होतं माझ्या, त्या दिवशी."

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. गावातून टाकलेलं पत्र मुंबईच्या ऑफिसात जाणार, तिथून एजंटकडे, मग पुढच्या बंदरात. तीन आठवडे तरी. म्हणजे नंतरची. जुलै असेल. म्हणजे ती बोट हाँगकाँगला पोचली असती तरी उशीर झालेला होता. मी हे मनात मोजलं आणि बोलले नाही, पण त्यांनीही तेच मोजलं असणार, कारण ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना बहुतेक वाटत होतं की पोचले असतील तर सुटले असतील.

"हा रेडिओवर सांगायचा?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज."

"त्यांच्याकडे रेडिओ नव्हता," बाबा म्हणाले. "मी वरून सगळं बघितलं ना. एक बादली होती. आणि दोरीवर कपडे वाळत घातले होते, लहान पोराचे. धुतलेले."